चौथा ठोका

कामगाराने आल्मुटच्या दोन्ही झांजांवर काळ्या रबराच्या चकत्या बसवल्या, ड्रमच्या कातड्यांवर स्पंजाचे तुकडे ठेवले आणि ते हलू नयेत म्हणून वरून चिकटपट्ट्या मारल्या. मग त्याने तिच्या मांडीवरचा लोखंडी पाना उचलला आणि त्याच्या जागी दुसरा ठेवला. दुसरा थर्माकोलचा होता, चंदेरी रंग दिलेला. पावाच्या तुकड्याइतकंसुद्धा त्याला वजन नव्हतं.

"माझा पाना द्या," आल्मुट म्हणाली.

"मिळेल हो, बाई. कार्यक्रम झाला की मिळेल. फरशीला चरा गेला तर माझ्या बोकांडी बसतील." त्याने हात झटकले. "आता हवं तितकं हाणा. पाळण्यातलं पोरसुद्धा उठायचं नाही."

म्युनिकच्या त्या स्टुडिओत कुणीच खरं वाजवत नसे. टेप लागायची आणि आपण वाजवतोय असं दाखवायचं. इनेसच्या हातातल्या माइकची वायर पडद्यामागे दोन हात जाऊन संपत होती. फोल्कमारच्या कीबोर्डला तर वायरच नव्हती. तिघांना हे आधीच सांगितलेलं होतं, आणि येताना गाडीत त्यावर पोट धरून हसूनही झालं होतं. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला अर्धा देश हा कार्यक्रम बघायचा आणि अर्ध्या देशाला ही थाप चालत होती. मग 'हाले नॉइन'ने कशाला नाकं मुरडायची? हाले नॉइन म्हणजे शेड नंबर नऊ. बँड तिघांचा, हागेन गावचा, आणि नाव आल्मुटचा बाप जिथे राबत होता त्या शेडचं.

"रंगीत तालीम!" कुणीतरी ओरडलं, आणि टेप लागली.

गाण्याचा ठेका साधा होता. तीन ठोके ड्रमवर काठीने, चौथा पान्याने लोखंडी ठोकळ्यावर. ठोकळ्याच्या जागी आज राखाडी रंग फासलेलं खोकं होतं. आल्मुटने तीन ठोके टेपबरोबर मारले. चौथ्यासाठी पाना वर नेला, आणि तो खाली येण्याआधीच टेपवरचा चौथा पडून गेला.

टेप जरा पळतेय, असं तिला वाटलं. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच झालं. छतावरच्या कर्ण्यातून दिग्दर्शकाचा आवाज आला.

"ड्रमवाली मुलगी चौथ्याला मागे पडतेय. झोप झाली नाही का तिची?"

कॅमेऱ्यामागे दोघंतिघं हसले.

तिसऱ्या ओळीला तिने हात खाली घेतले आणि नुसतं ऐकलं. टेपवर ती नव्हतीच. एकेक ठोका हुबेहूब आधीच्यासारखा, कुणी कपाटाचं दार पुन्हा पुन्हा लावत बसावं तसा. त्या ठोक्यांच्या खाली तिच्या बापाचा घण असायला हवा होता, अडीच वर्षांपूर्वी कॅसेटवर पकडलेला. तोही गायब. त्याच्या जागी कुणीतरी पाण्यात उड्या मारत होतं, आणि खिदळत होतं.

तिने फोल्कमारकडे पाहिलं. गाण्याच्या त्या भागात कीबोर्डला काहीच काम नव्हतं. तरी तो मान खाली घालून पट्ट्यांवर बोटं नाचवत होता.

*

वेसलिंग उपाहारगृहात बटाट्याचं सॅलड खात होता. रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या डोक्यावर बसवलेला हा निर्माता, हॅम्बुर्गचा, पंचेचाळिशीचा. कालपरवापर्यंत तो डोंगर, कुरणं आणि निळे डोळे यांची गोडमिट्ट गाणी काढायचा. जर्मन भाषेत ओरडणाऱ्या पोरांना गिऱ्हाईक आहे असं दिसलं, तसे त्याने केस ताठ उभे केले आणि कोटाला सेफ्टीपिन लावली. अशा माणसांची त्या वर्षी देशात लागणच झाली होती.

आल्मुट टेबलापाशी येऊन उभी राहिली. फोल्कमार आणि इनेस आधीच बसलेले होते.

"कुणी वाजवलंय ते?"

"आधी बस तरी," फोल्कमार म्हणाला.

"बसूनच आले. खोक्यापुढे. कुणी वाजवलंय?"

"मशीनने," वेसलिंग म्हणाला. "जपानी आहे. आजारी पडत नाही, रुसत नाही, टेबलापाशी उभं राहून दरडावत नाही."

"मी हॅम्बुर्गला दोन दिवस वाजवलं. माझ्या बोटांना फोड आले."

"झकास वाजवलंस. कोण नाही म्हणतंय? पण तुझा चौथा ठोका उशिरा पडतो, मुली. दर वेळी. नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात."

"तो उशिरा पडत नाही. थांबतो."

"बरं, थांबतो. नाचणारे नाही थांबत."

आल्मुट फोल्कमारकडे वळली.

"रेकॉर्डची नमुना प्रत अजून आली नाही म्हणालास. परवा विचारलं तेव्हासुद्धा."

फोल्कमारने मिठाची बाटली उचलून दुसरीकडे ठेवली.

"कधी आली?"

"फेब्रुवारीत."

"आज सत्तावीस मार्च आहे, फोल्कमार."

"तुला सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस. इथे येऊन तमाशा."

"तुला माहीत होतं?" तिने इनेसला विचारलं.

इनेस गायची. पूर्वी टाउन हॉलमध्ये टायपिस्ट होती, आणि त्या खोलीत परत जायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. ती खाली बघत म्हणाली, "मला ते पाण्याचे आवाज आवडले नाहीत. मी तसं म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस! मोठे उपकार झाले."

 'चौथा थांबतो' म्हणजे काय ते वेसलिंगला समजावण्याच्या भानगडीत आल्मुट पडली नाही. त्या टेबलावर ते आणखी एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो आता मिरपुडीची बाटली सरकवत होता.

एकोणऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये दोघं शाळामास्तरचा, म्हणजे फोल्कमारच्या बापाचा, टेपरेकॉर्डर घेऊन शेड नऊमध्ये गेले होते. आल्मुटचा बाप एर्विन तिथे यांत्रिक घणावर होता. पाने घडवायचे. लाल झालेला तुकडा पहिल्या साच्यात, त्यावर तीन ठोके. मग जोडीदाराने सांडशीत धरून तो दुसऱ्या साच्यात ठेवायचा, नीट बसवायचा, आणि चौथा ठोका, सगळ्यात जोराचा. तुकडा बसवताना जोडीदाराचा हात घणाच्या तोंडाखाली असतो. एर्विन तरुणपणी जोडीदार होता, आणि नगांची संख्या भरायच्या घाईत घणवाला त्याच्यासाठी थांबला नव्हता. डाव्या हाताची दोन बोटं तिथे राहिली. पुढे तो स्वतः घणावर आला, तेव्हापासून चौथ्याआधी थांबायचा. अर्धा श्वास, जास्त नाही. फोरमन बोंबलायचा, नग कमी भरायचे. एकोणीस वर्षांत शेड नऊमध्ये कुणाचं नखही गेलं नव्हतं.

त्या दिवशी एर्विनने फोल्कमारला हातमोजे चढवले, सांडस हातात दिली आणि एक थंड तुकडा धरायला लावला. "गाणं करायचंय ना? मग बघ आधी कशाचं करतोयस." तीन ठोके पडले. तुकडा दुसऱ्या साच्यात बसेना. फोल्कमार तो पुन्हा पुन्हा फिरवून बघत होता. वर तो दोन टनांचा घण थांबून राहिला. फोल्कमारने हात काढला, आणि मगच तो खाली आला. फोल्कमार पांढराफटक पडून बाहेर आला, भिंतीला टेकून वेड्यासारखा हसत सुटला, आणि म्हणाला, "आल्मुट, हेच. ह्याच्यापुढे काही जोडायचंच नाही."

गाणं झालं 'अजून तीन तास'. पाळी सुटायला अजून तीन तास आहेत, डबा संपलाय, कॉफी गार झाली आहे, एवढंच. शब्द इनेसचे. युद्धातल्या जुन्या, जमिनीवर उंच बांधलेल्या बंकरच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन मीटर जाडीच्या भिंतींच्या आत त्यांनी ते बसवलं. कीबोर्ड इस्त्रीच्या टेबलावर असायचा. ठोकळा म्हणजे शेड नऊमधला बाद झालेला साचा, आणि पाना एर्विनने दिलेला, घडवलेला पण न घासलेला, दीड किलोचा. कॅसेट हातोहात फिरली. डुसेलडॉर्फला लोक खुर्च्यांवर चढून ठोका मोजायचे आणि चौथ्याआधी अख्खं सभागृह श्वास रोखून थांबायचं. त्या गाण्यात आता वेसलिंगच्या कृपेने एक मुलगी पोहण्याच्या तलावावर मित्राची वाट बघत होती. अजून तीन तास.

"हे बघ," वेसलिंग तोंड पुसत म्हणाला, "साडेपाचला तू मशीनबरोबर हात हलवायचेस. जमत नसेल तर आत्ता सांग. इथल्या बॅलेतल्या एका पोरीला बसवतो. त्यांना हात हलवायचा सराव असतो."

आल्मुटने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्या क्षणी तिला कुलमानबाई आठवल्या. शेजारच्या कुलमानबाईंकडे रंगीत टीव्ही होता. आज संध्याकाळी त्यांच्या खोलीत अख्खी चाळ जमणार होती, आणि सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर तिचा बाप, चर्चला जायचा कोट घालून. तिच्या जागी बॅलेतली पोरगी दिसली तर तो तिथेच बसून राहील, कार्यक्रम संपेपर्यंत, ती येईल म्हणून.

"जमेल," ती म्हणाली.

साडेपाचला कार्यक्रम सुरू झाला. आल्मुटने थर्माकोलचा पाना वर नेला आणि चौथा ठोका वेळेवर मारला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. कर्ण्यातून कुणी काही बोललं नाही. गाणं संपल्यावर टाळ्या झाल्या, त्याही कुणीतरी फलक दाखवल्यावर. तिने जागेवरून उठून आपला लोखंडी पाना शोधला. तो पडद्यामागे झाडूला टेकवून ठेवलेला होता.

*

रविवारी दुपारी ती हागेनला पोचली. टेबलावर लोण्याचा केक होता, कॉफी होती, डब्यातलं दूध होतं. कुलमानबाई दारातच गळ्यात पडल्या.

"काय दिसत होतीस गं! आणि ते गाणं! सकाळपासून तोंडातून जात नाहीये माझ्या. अजूऽन तीन तास…"

बाई गुणगुणत गेल्या. एर्विन खिडकीपाशी बसलेला होता. तीस वर्षं घणाशेजारी काढून त्याचे कान निकामी झाले होते. समोरच्याच्या ओठांवरून त्याला निम्मं कळायचं, आणि स्वतः मात्र अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा बोलायचा.

"केक खा."

तिने केक खाल्ला. त्याने तिच्या कॉफीत दूध घातलं. 

"काल घणावर कोण होतं?" त्याने विचारलं.

"कोण म्हणजे? मीच की, पपा. दिसले नाही का?"

"दिसलीस. म्हणूनच विचारतोय."

त्याने आपला डावा हात टेबलक्लॉथवर तिच्या कपाशेजारी पालथा ठेवला. तीन बोटं.

"मला ऐकू येत नाही. गाणं चांगलं असेल, कुलमानबाई सांगतात तर असेलच. मी तुझा हात बघत होतो. चौथ्याला एकदाही थांबली नाहीस. एकवीस वेळा पडला चौथा. मोजले मी." तो तिच्या ओठांकडे बघत थांबला. ते हलले नाहीत. "खाली कुणाचा हात असता तर?"

"खाली कुणी नव्हतं, पपा! ते खोकं होतं! सगळं खोटं होतं, पानासुद्धा खोटा होता!"

ती इतक्या जोरात ओरडली की कुलमानबाई पलीकडे गुणगुणायच्या थांबल्या. आल्मुटला आधी बापाचाच राग आला. काल दिवसभर जे तिने ह्याच्यासाठी गिळलं होतं, ते त्याने कपाशेजारी काढून ठेवलं होतं. मग तिला वेसलिंगचा राग आला, आणि मग स्वतःचा. फोल्कमारचा राग या सगळ्यांच्या खाली होता आणि तो जाणार नव्हता. बापाला यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने हात उचलून मांडीवर घेतला.

"खोकं होतं होय," तो म्हणाला. "मग ठीक आहे." आणि तिला दुसरा तुकडा वाढला. त्याच्या आवाजावरून काहीच ठीक नव्हतं.

सोमवारी रेकॉर्ड दुकानात आली. मेमध्ये ती पहिल्या दहांत होती, जूनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर. बेकरीतल्या पोरी ते गाणं म्हणायच्या, फुटबॉलच्या मैदानात म्हणायचे, लग्नात काकालोक टाय डोक्याला बांधून त्यावर नाचायचे. मासिकांच्या मुखपृष्ठावर एकटी इनेस, पोहायच्या पोशाखात. आल्मुटने फोल्कमारला बंकरमध्ये गाठून स्पष्ट सांगितलं: दौऱ्यात गाणं आपलं वाजेल, घणाच्या टेपसकट, नाहीतर मी नाही. तो म्हणाला, "अगं, हे काय सांगायला हवं? टीव्हीवाल्यांचा कचरा टीव्हीवाल्यांपाशी. स्टेज आपलं." त्याने तिच्या हातावर टाळी दिली.

दौऱ्याच्या पहिल्या दिवशी, काझलला, इस्त्रीच्या टेबलाच्या जागी नवं चकचकीत स्टँड होतं, आणि त्यावर कीबोर्डच्या शेजारी मशीन. "फक्त आजच्यापुरतं," फोल्कमार म्हणाला. "पब्लिक रेकॉर्ड ऐकून येतंय." मग ब्रेमेनपुरतं झालं, मग मानहाइमपुरतं. तिने दोनदा सामान बांधलं आणि दोनदा इनेसने रडून सोडायला लावलं. बत्तीस शहरांत तिने मशीनच्या मागे धावत चौथा ठोका वेळेवर मारला. रबराच्या चकत्या आता नव्हत्या, पण तिच्या ड्रमचा आवाज कंपनीच्या माणसाने यंत्रावर इतका बारीक केलेला असायचा की चकत्या बऱ्या म्हणायची वेळ आली होती. मानहाइमला पहिल्या रांगेत कुणीतरी जुना चाहता होता. चौथ्याआधी तो थांबला, एकटाच, आणि मागचे त्याच्या अंगावर आदळले. तो निघून गेला. आल्मुटने त्याला दारापर्यंत जाताना पाहिलं.

*

ऑक्टोबरमध्ये, एका मंगळवारी चार वाजता, ती बंकरच्या तिसऱ्या मजल्यावर आपले ड्रम सोडवत होती. इनेस उलट्या क्रेटवर कोट घालूनच बसली होती; आत थंडी होती. फोल्कमार दारात उभा राहिला.

"शुक्रवारी व्हिएन्ना आहे."

"माहीत आहे. बॅलेतल्या पोरीला घेऊन जा."

"आल्मुट, डोकं ठिकाणावर ठेव. दोन वर्षं आपण ह्याच दिवसासाठी मेलो ना इथे?"

"ह्याच दिवसासाठी? कुठल्या? काकालोकांनी टाय डोक्याला बांधून नाचायच्या?"

"नाचू देत की! तुझं काय जातं?"

"माझं गाणं जातं."

"आपलं गाणं," फोल्कमार म्हणाला. त्याचाही आवाज चढला. "आपलं! आणि तुझ्या बापाचा पुतळा उभारायला मी बँड नाही काढला, समजलीस? शेड नऊ, शेड नऊ! शेड नऊ पुढच्या वर्षी बंद होतंय. त्या घणाचं भंगार होणार आहे."

"म्हणूनच आपल्याकडे राहायला हवं होतं."

"काय राहायला हवं होतं? उशीर? ऐक, आता स्पष्टच सांगतो. अर्धा श्वास उशीर म्हणजे उशीरच. त्यात माणुसकी नाही, कला नाही, काही नाही. तुला ताल सांभाळता येत नाही, आणि आपण तिघांनी त्याला एक गोष्ट चिकटवली. बास."

"फोल्कमार," इनेस म्हणाली.

"नाही, बोलू दे त्याला," आल्मुट म्हणाली. तिने हातातला नट खाली ठेवला. तिचा आवाज एकदम साधा झाला होता, दुकानात भाव विचारावा तसा. "तुला असं वाटतं?"

"वाटतं."

"मशीन लाव."

"कशाला?"

"लाव तर. आणि इकडे ये."

मशीन कोपऱ्यात होतंच. फोल्कमारने बटण दाबलं. कपाटाचं दार लागायला लागलं: एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. आल्मुटने लोखंडी ठोकळा पायाने दोघांच्या मध्ये सरकवला आणि पिशवीतून दीड किलोचा पाना काढला.

"हात ठेव."

"वेड लागलंय का तुला?"

"मी मशीनबरोबर मारणार. तुला हवं तसं, वेळेवर. बत्तीस शहरांत मारलाय, चुकायची नाही. तू तीनपर्यंत हात ठेवायचा आणि मशीनच्या चौथ्याच्या आत काढायचा. सोपं आहे. ताल तर तुला सांभाळता येतो ना?"

"बंद करा हा मूर्खपणा," इनेस उठत म्हणाली. पण ती जागची हलली नाही.

फोल्कमारने एकदा आल्मुटकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसला आणि बोटं पसरून हात ठोकळ्यावर ठेवला. अभिमान त्याच्यात पहिल्यापासूनच भरपूर होता. आल्मुट त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. मशीनची एक फेरी तिने जाऊ दिली. दुसऱ्या फेरीला डाव्या हातातल्या काठीने जमिनीवर तीन ठोके मारले आणि उजव्या हाताने पाना डोक्याच्या वर नेला.

मशीनचा चौथा ठोका पडला.

पाना वरच होता. हात खालीच होता.

मग फोल्कमारने हात काढला, आणि पाना खाली आला. लोखंडाचा आवाज दोन मीटरच्या भिंतींना लागून परत आला. इनेसने कानांवर हात ठेवले. मशीन पुढे निघून गेलं होतं.

"उशीर केलास," आल्मुट म्हणाली.

 त्याच्या कपाळावर घाम होता. "पुन्हा," तो म्हणाला, आणि हात आपणहून परत ठेवला.

या वेळी तो मशीनकडे कान लावून बसला. ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. एक, दोन, तीन. चौथा पडला तरी बोटं पसरलेलीच होती. पाना वर थांबला होता. त्याने हात काढला तो घाबरून नाही; तुकडा नीट बसला की जोडीदार काढतो तसा, सावकाश. पाना खाली आला.

तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले. तिसऱ्यांदाही तसंच झालं.

इनेस भिंतीपर्यंत गेली आणि तिने मशीनची पिन उपटली. खोलीत एकदम शांत झालं. खाली रस्त्यावरून ट्रक जातानाचा हादरा तेवढा जमिनीतून आला.

"मशीन तुझ्या कानाशी ओरडत होतं," आल्मुट म्हणाली. राग अजून तिच्या हातात होता. पाना धरलेली बोटं पांढरी पडली होती. "का नाही काढलास हात?"

 फोल्कमारने हात पुन्हा ठोकळ्यावर ठेवला होता आणि तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

आल्मुटने पाना पिशवीत टाकला. ड्रम एकेक करून जिन्यापर्यंत नेले. शेवटचा मोठा ड्रम उतरवायला इनेसने दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून सगळं खाली कुलमानबाईंच्या भाच्याच्या टेम्पोत चढवलं. इनेस म्हणाली, "व्हिएन्नाला आम्ही जाऊ, आल्मुट. मला जायलाच हवं." आल्मुट म्हणाली, "जा." ती पुन्हा तीन मजले चढून वर गेली. काठ्या, झांजांची पिशवी, बापाच्या घणाची कॅसेट, सगळं तिने उचललं. तिचं होतं ते सगळं तिने नेलं.

ठोकळा मात्र तिला नेता आला नाही. त्यावर फोल्कमारचा हात होता.